ओळंबा वर लोंबतो

ता. ९ फेब्रुवारी

चि. खारू,

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. तुझं पत्र आलं तेव्हा आम्ही स्वेटर काढत होतो, आता ते परत धुऊन ठेवायची वेळ आली. आधी माझे डोळे दुखत होते. मग चष्म्याची काडी मोडली. मग गुडघा. तुझी आत्या म्हणते की डोळे, काडी आणि गुडघा ही तिन्ही कारणं मी तिला एकाच दुपारी सांगितली होती, पण तिचं मनावर घेऊ नकोस. फोन केला असता, पण फोनवर मला 'जेवलीस का' याच्यापुढे काही सुचत नाही, आणि तुमच्या त्या समुद्रातल्या तळावरून आवाज असा येतो, जणू तू पिंपात बसून बोलतेस.

तुझं पत्र मी इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं. तळापासून थेट आकाशात गेलेला तुमचा पट्टा आता पुरा झाला. रिकाम्या गाड्या वजनं घेऊन त्याच्यावरून वर जाऊन आल्या. आता माणूस बसवायचा, आणि पहिल्या गाडीत तू बसणार, कारण पट्ट्याला धरून चढणारी चाकं तू केलीस. आणि वर मलाच लिहितेस, 'बाबा, नियम तुमचाच आहे.'

नियम माझाच आहे, हे खरं. माझ्या उस्तादाने मला सांगितला, मी तुला सांगितला. लिफ्टला ज्याने दोर बसवला त्यानेच पहिल्या फेरीला आत बसायचं, आणि बाहेरून बटण दाबायला त्याच्या घरचं माणूस उभं राहायचं. आपलं माणूस बटण दाबणार म्हटलं की फिटर प्रत्येक नट दोनदा आवळतो, एवढाच त्यातला अर्थ. माझं बटण तू दाबायचीस. हात पोचायचा नाही म्हणून रंगाचा डबा पालथा घालून त्याच्यावर उभी राहायचीस, आणि मी आतून दार लावलं की ओरडायचीस, 'बाबा, सोडू का?'

पण बाळ, त्या लिफ्टा पाच-सहा मजल्यांच्या होत्या. दोर तुटला असता तर पाय मोडला असता. तू सांगतेस तो पहिला थांबाच चारशे किलोमीटरवर. मी बटण दाबायला येईन का, असं तू विचारलंस. त्याचं उत्तर पुढे देतो. आधी माझ्या शंका ऐक.

सगळ्यांत मोठी शंका मशीनरूमची. कुठल्याही लिफ्टला वर खोली लागते, तिच्यात मोटर लागते, मोटरीच्या पुलीवर दोर टांगलेला असतो. तुमचा दोर कशाला टांगलाय? तू लिहिलंस, 'कशालाच नाही बाबा, तो स्वतःच ताणून उभा आहे. पृथ्वी गरगर फिरते, पट्ट्याचं टोक लांब गेलंय आणि टोकाला वजन आहे. ते वजन बाहेर पळायला बघतं. दोरीला दगड बांधून फिरवून पाहा.'

मी फिरवून पाहिलं. दगड नव्हता, ओळंबा होता. तोच जुना पितळी, ज्याने मी आयुष्यभर लिफ्टचे खड्डे सरळ केले. हॉलमध्ये मधोमध उभा राहिलो आणि डोक्यावर फिरवला. खारू, काय सांगू. दोरी अशी ताठ झाली की तिच्यावर कपडे वाळत घालावेत. ओळंबा म्हणजे खाली लोंबणारी वस्तू, हे मी इतकी वर्षं देवाच्या वचनासारखं धरून चाललो होतो, आणि तो माझ्यापासून लांब पळत होता. तुमचा ओळंबा वर लोंबतो. हे कळलं तेव्हा मला हसूच आवरेना.

हसण्याच्या नादात हात हलला. ट्यूबलाइट गेली.

'काय रे, वय काय, करतोस काय?' आत्या स्वयंपाकघरातून धावत आली.

'पृथ्वी फिरवतोय.'

'मग झाडू पण फिरव. काचा पायाला लागतील.'

तर मशीनरूमची शंका फिटली. बाकीच्या राहिल्यात. दोर स्वतःच्या वजनाने तुटणार नाही का? पोलादाचा एवढा लांब दोर स्वतःलाच पेलणार नाही, हे मलासुद्धा कळतं. वीज पडली तर? वर जे हजारो उपग्रह आणि त्यांचा कचरा फिरतो, त्यातला एखादा तुकडा आपटला तर? आणि ब्रेक? गाडीला तोलून धरणारं काउंटरवेट नाही, मग ती चढणार कशाच्या जोरावर? सगळं सविस्तर लिही. घाई नाही. म्हणजे आहे.

तुझा
बाबा

ता. क. हे मी, आत्या, लिहिते आहे. पाकीट चिकटवायला मला दिलं म्हणून बरं. तुझं पत्र ह्याने अख्ख्या इमारतीला वाचून दाखवलं, दूधवाल्यालासुद्धा. बटण दाबायचं तेवढं वाक्य मात्र गाळून. आलं ना लक्षात? गुडघा ठणठणीत आहे.

ता. २ मार्च

चि. खारू,

या वेळी उशीर तुझ्या टपालाचा, माझा नाही. पाकीट आलं तेव्हा मी दाढी करत होतो. अर्धी दाढी तशीच ठेवून वाचलं, मग तसाच खाली गेलो, आणि आपल्या इमारतीचा व्यवस्थापक मला पाहून म्हणाला, 'आज सुट्टी अर्ध्या दिवसाची का?' तोच तो, जिन्यात रोज नवीन नोटीस लावणारा. त्याला आम्ही नोटीसबाबा म्हणतो.

तुझी उत्तरं आत्याला वाचून दाखवली. पट्टा पोलादाचा नाही, कोळशाच्या जातीच्या धाग्याचा आहे, केसाहून कितीतरी बारीक धागे एकमेकांत विणलेले. सगळ्यांत जास्त ताण खाली नाही, वर खूप लांब एका जागी पडतो, म्हणून पट्टा तिथे रुंद आणि दोन्ही टोकांना अरुंद. आत्याने लगेच ओळखलं. म्हणाली, 'म्हणजे बाहीच्या काखेसारखं. ताण जिथे, कापड तिथे.' तिला शिवणातलं कळतं, मला लिफ्टमधलं. दोघांचं मिळून तुझं अर्धं पत्र कळलं.

विजेचं वाचलं. वादळं फारशी येत नाहीत अशा समुद्रात तळ ठेवलाय, आणि आलंच तर सगळा तळच पट्ट्यासकट बाजूला सरकतो. कचऱ्याचंही तसंच. तुकडा कुठून येतोय ते आधीच दिसतं, तळ थोडा हलवला की पट्ट्यातून लाट वर जाते आणि पट्टा अंग चोरतो. हे वाचून मी उभाच राहिलो. आमच्या लिफ्टचा खड्डा इंचभर हलला तर आम्ही म्युनिसिपालटीकडे धावायचो, आणि तुम्ही इमारतच हलवताय.

पण एक वाक्य तू लिहायला नको होतंस. 'पट्टा तुटलाच, आणि मी तुटल्या जागेच्या वर असले, तर बाबा मी खाली पडणार नाही, वर जाईन.' हे वाचून मला बरं वाटेल अशी तुझी समजूत होती का? आत्याने दोन दिवस माझ्या भातात मीठ घातलं की नाही ते मला आठवत नाही. खाली असलीस तर गाडीला छत्री आहे, हेही लिहिलंस. ते आधी लिहायचं.

आता मुख्य गोष्ट. तुझ्या चाकांची. गाडीला तुम्ही मुंगी म्हणता, हे मला आवडलं. मुंगीला खालून उजेडाचा झोत मारता, ती त्याच्यावर चालते, आणि दोन बाजूंनी चाकं पट्टा दाबून धरतात आणि चढतात. चाकं सैल तर मुंगी घसरणार, घट्ट तर पट्टा सोलणार. मी म्हटलं, त्यात काय, रोज करतो आपण हे. मग म्हटलं, करून तर पाहू.

आत्याची मोजपट्टी घेतली. शिवणातली, पिवळी. तिला न विचारता घेतली, कारण विचारलं असतं तर दिली नसती. सहाव्या मजल्याच्या कठड्याला बांधून जिन्याच्या मधल्या पोकळीतून खाली सोडली. खाली पोचायला तिला पॅकिंगची पट्टी जोडावी लागली. मग कपडे पिळायच्या जुन्या यंत्राचे दोन रबरी रूळ एका चौकटीत बसवले, त्यांना खेळण्यातली मोटर लावली, आणि आत कोणीतरी बसलेलं हवं म्हणून एक अंडं ठेवलं. अंडं म्हणजे तू. हे आत्याला सांगितलं नाही.

पहिल्या फेरीला स्प्रिंग सैल होती. रूळ जागच्या जागी फिरत राहिले, मुंगी काही हलेना. स्प्रिंग आवळली. पाचव्या मजल्यापर्यंत झकास गेली. सगळ्या मजल्यांवर माणसं बाहेर आली होती. नोटीसबाबा नोटीस लिहायचं सोडून 'चल, चल' करत होता. सहाव्याच्या जरा खाली जोड आला, मोजपट्टी सुरू झाली, आणि तिची कडा उलटून रुळात गेली. पुढच्या क्षणी पट्टी मधोमध उभी फाटली. अंडं तळमजल्यावरच्या शिक्षिकाबाईंच्या पायाशी पडलं.

'हे कोणाचं?' बाई म्हणाल्या.

'माझ्या भावाचं,' आत्या वरून म्हणाली. 'आणि मोजपट्टी माझी.'

बाळ, मी हसतोय असं समजू नकोस. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की तू काय केलंयस. मला वाटायचं मी तुला लिफ्ट शिकवली आणि तू तिचीच मोठी लिफ्ट केलीस. तसं नाही गं. माझा दोर गाडीला ओढायचा, गाडीला फक्त लटकायचं असायचं. तुझी मुंगी कागदाहून पातळ पट्ट्यावर स्वतःच्या पायांनी चढते, आणि वर हवाही नाही की चाकं गार व्हावीत. हे तू मागच्या पत्रात लिहिलं होतंस आणि मी ते वाचून पुढे गेलो होतो. आमच्या ब्रेकला जाळ आला की आम्ही टोपीने वारा घालायचो. वर टोपी हलवली तरी वारा नाही. मग ती उष्णता जाते कुठे? तू लिहिलंस, चाकांच्या आतून धातूच्या नळ्या तिला मोठ्या पत्र्यांवर नेतात आणि पत्रे ती हळूहळू अंधारात सोडून देतात. मी ते चार वेळा वाचलं. बटाटा उकडून ताटलीत ठेवला आणि बघत बसलो, की न फुंकता किती वेळात गार होतो.

माझ्या मनात एक आहे ते सांगतो. दुसरं कोणी पहिल्यांदा जाऊ दे. तू दुसऱ्या फेरीला जा. नियम मी तुला दिलाय, मीच मोडतो.

तुझा
बाबा

ता. क. भाताला मीठ होतं. ह्याने ताट बाजूला सारलं होतं. मोजपट्टी नवीन आणून दिली नाही अजून. ये म्हटलंस त्याचं उत्तर या पत्रातही नाही, मी नीट शोधलं. — आत्या

ता. १९ मार्च

चि. खारू,

तुझं उत्तर एका ओळीचं आलं. 'तुम्ही नाही आलात तर बटण कोणीच दाबणार नाही, मी आतून दाबीन.' आत्या म्हणाली, 'बापावर गेलीय.' मी तीन दिवस तुझ्यावर रुसलो. तुला कळलं नसेल, म्हणून कळवतो.

मग आपल्या इमारतीच्या लिफ्टचा दोर बदलायला कंपनीची माणसं आली. दोघे होते, काम चोख केलं, त्यात मला नाव ठेवायला जागा मिळाली नाही, आणि मी शोधली होती. दोर बसवून झाला. थोरल्याने मोबाइलवर काहीतरी दाबलं, गाडी रिकामी वर गेली, खाली आली, त्याने पेटी उचलली आणि निघाला.

'बसायचं नाही का आत?' मी विचारलं.

'कशाला काका? सगळं ओके दाखवतंय.'

'तुझ्या बायकोला बसवशील?'

'बसवीन की.' तो हसला. 'तुम्हीच बसा ना पहिले. मान तुमचा.'

मी आत गेलो. कठड्यावर कोपर ठेवून आत्या बाहेर उभी होती, बाजाराची पिशवी हातात. मी दार लावलं. बटण आतूनही होतं, पण मी दाबलं नाही. आणि खारू, इतकी वर्षं आत बसलो पण एक गोष्ट मला त्या दिवशी समजली. आत बसणाऱ्याला भीती दोराची वाटत नाही. दोर त्याने बसवलेला असतो, त्याला तो ठाऊक असतो. दार बंद झाल्यावर बाहेर कोण उभं आहे, ते दिसत नाही ना, त्याची त्याला हुरहुर लागते. मी आत होतो तेव्हा बाहेरून तुझा आवाज यायचा, 'बाबा, सोडू का?' तो आला की मला बरं वाटायचं. मी तुला कामाला लावतोय असं समजायचो. खरं म्हणजे तू मला सोबत करायचीस.

'सोडू का रे?' आत्या बाहेरून ओरडली. 'की तिथेच संसार मांडतोस?'

'सोड.'

सहाव्या मजल्यावर उतरलो आणि चालत खाली आलो. गुडघा काही दुखला नाही.

मी येतोय. बटण मी दाबणार. नोटीसबाबाने जिन्यात नोटीस लावली आहे की अमुक अमुक रहिवासी कामानिमित्त बाहेरगावी जात आहेत, तरी कोणी मोजपट्टी मागू नये. आता लगेच कळव: बोटीवर बूट कोणते लागतात? उलटीच्या गोळ्या बोट सुटायच्या आधी घ्यायच्या की नंतर? आणि वर तू तरंगणार, तर तुझं जेवण तोंडात कसं जाणार?

तुझा
बाबा

ता. क. गुडघ्याची बातमी मी सगळ्यांना कळवली. — आत्या

ता. ११ एप्रिल, तळावरून

चि. खारू,

तू काचेच्या पलीकडे आहेस आणि मी अलीकडे, चार हातांवर, तरी पत्र लिहितोय, कारण समोर येऊन बोलायला तोंड नाही. तुम्हाला जायच्या आधी कोणाची सर्दी लागू नये म्हणून वेगळं ठेवलंय, ते ठीकच आहे. माझी लागण सर्दीपेक्षा वाईट निघाली.

तुला कळलंच असेल की आजची फेरी पुढे ढकलली, आणि का. पण माझ्याकडून ऐक.

बोटीत मी सबंध वेळ आडवा होतो. मग कोणीतरी म्हणालं, 'आजोबा, दिसतंय बघा,' आणि मी उठलो. मला वाटलं होतं, मनगटाएवढा दोर असेल. पाण्यातून वर एक काळी रेघ गेलेली, वहीवर पेन्सिलने ओढावी तशी, आणि तिला वरचं टोकच नाही. मी मान मागे नेत गेलो, नेत गेलो, टोपी समुद्रात पडली. इतका आनंद मला तुझ्या जन्माला झाला होता. त्यानंतर आजच.

तळावर मला हळूदादाच्या हवाली केलं. तुमच्या पट्ट्याचा राखणदार, प्रत्येकाला 'हळू' म्हणतो म्हणून सगळे त्याला हळूदादा म्हणतात, हे तू सांगितलं होतंस. भला माणूस आहे. त्याने सगळं दाखवलं. पट्टा पाण्याखाली कुठे बांधलाय, उजेडाचे झोत कुठून येतात, मुंगी कुठे उभी आहे. मुंगीजवळ गेलो तर तुझी चाकं समोर. पट्ट्याच्या दोन्ही अंगांनी, जणू तो चिमटीत धरलाय. मला रडू आलं, ते मी वारा आहे असं सांगून झाकलं. तेवढ्यात हळूदादाला कोणी हाक मारली. तो म्हणाला, 'आजोबा, इथेच थांबा, हळू.'

मी हळूच गेलो. साखळीखालून वाकलो आणि पट्ट्यावर हात ठेवला.

का, म्हणून सगळे विचारतात. का काय. नवीन दोर बसला की मिस्त्री त्याच्यावर तळहात ठेवतो. मी आयुष्यात एकाही दोराला हात न लावता गाडी सोडली नाही. हात आपोआप गेला. तो थरथरत होता, म्हणजे पट्टा. मग भोंगा वाजला. मी पहिल्यांदा हळूदादाला धावताना पाहिलं, आणि इथली माणसं म्हणाली की त्यांनीही पहिल्यांदाच.

माझ्या तळहातावर घाम होता, आणि बोटीत गुडघ्याला चोळलेलं तेलही. तेवढा पुसट हात पट्ट्यावर उमटला. ते तेल चाकांना लागलं तर चाकं ते सगळ्या वाटेभर वर नेणार, आणि कोरड्या पट्ट्यासाठी केलेली पकड सुटणार. आता पट्टा धुवायचा, वाळवायचा, रिकामी मुंगी चढवून उतरवायची, मग तुझी पाळी. सगळ्यांची एवढी तयारी आणि एका म्हाताऱ्याच्या सवयीने सगळं थांबलं. कोणी मला वाईट बोललं नाही. स्वयंपाक्याने चहा आणून दिला. बोलले असते तर बरं झालं असतं.

बटण मी दाबणार नाही. या हाताने नाही. हळूदादाला सांग. मी मागच्या बाजूला उभा राहीन.

बाबा

ता. १३ एप्रिल, तळावरून

चि. खारू,

हे पत्र हळूदादा उद्याच्या सामानाच्या मुंगीत ठेवणार आहे. वरच्या थांब्यावर पोचणारं पहिलं टपाल माझं असेल, असं तो म्हणाला. त्यामुळे अक्षर जरा नीट काढतोय.

तू आत्ता वाटेत आहेस. मी गोदामाशेजारच्या बाकावर बसलोय, समोर पडदा आहे, त्याच्यावर एक ठिपका वर सरकतोय. तो ठिपका तू. मी पडद्याकडे कमी आणि पट्ट्याकडे जास्त बघतोय, मान अवघडलीय.

काल तू काचेपाशी बोलावलंस तेव्हा मला वाटलं, आता ऐकायचं. आणि तू विचारलंस काय, तर 'बाबा, हात लावलात, तर काय कळलं?'

मी म्हटलं, 'थरथरतोय.'

'कसा?'

'मोठ्या पातेल्याला चमचा लागला, की नाद गेल्यावरही हाताला थोडा लागत राहतो ना, तसा.'

तू आतल्या माणसाकडे बघून हसलीस. म्हणालीस, 'ती थरथर आम्ही सकाळ-संध्याकाळ मोजतो. वाऱ्याची वेगळी, लाटांची वेगळी, मुंगीची वेगळी. आज ती बरोबर आहे.'

'म्हणजे मी हात लावायची गरजच नव्हती.'

'नव्हती,' तू म्हणालीस. असं सरळ म्हणालीस, ते मला आवडलं. 'पण मला बरं वाटलं. माझ्या पट्ट्याला तुमचा हात लागायचा राहिला होता.'

मग मी बटणाचं काढलं. हात अपशकुनी आहे, असं काहीबाही बोललो. तू मला पुरतं बोलू दिलंस. मग म्हणालीस, 'बाबा, तुमचा हात जिथे लागला, चाकांची पहिली पकड बरोब्बर तिथे आहे. पट्टा धुतलाय, तपासलाय, रिकामी मुंगी दोनदा वर जाऊन आलीय. तरी तुमच्या मनातून जाणार नाही, मला माहितीय. म्हणून तुम्हीच दाबा. पकडलं नाही तर मुंगी जागची हलणारच नाही, मी तिथेच उतरेन, आणि आपण चहा पिऊ. हलली, तर समजा धरलं. एवढं बघायला मला खाली घरचं माणूस हवंय.'

मी हो म्हटलं. मला रात्रभर झोप आली नाही असं लिहिणार होतो, पण खरं म्हणजे गाढ झोप लागली.

आता तुला जे आतून दिसलं नाही ते सांगतो. दार लागलं. हळूदादाने मला बटणाच्या फळीपाशी नेलं. फळी तुमच्या उंचीची, मी आता वाकलोय, हात खांद्याच्या वर न्यावा लागणार होता. आणि खाली, फळीला टेकून, रंगाचा एक डबा पालथा ठेवलेला. बाहेरून अजून ओघळ वाळलेले, पांढऱ्या रंगाचे.

'हा कशाला?' मी विचारलं.

'तिने सांगितलंय,' हळूदादा म्हणाला. 'आजोबा येतील, त्यांना चढायला हात द्या. हळू.'

मी चढलो. त्याने माझी कोपरं धरली. सगळा तळ बाहेर आला होता, तो स्वयंपाकीही, हातात झारा तसाच धरून. मला काय म्हणायचं ते आठवत नव्हतं आणि मग आठवलं. मी फळीवरच्या बोलायच्या जाळीतून ओरडलो, 'खारू, सोडू का?'

तुझा आवाज आला. 'सोडा, बाबा.'

दाबलं.

क्षणभर काहीच झालं नाही. मी फक्त चाकांकडे बघत होतो, माझा हात लागला होता त्या जागेकडे. तिथे आता काही नव्हतं, नुसतं काळं. मग उजेड आला, चाकांनी पट्टा धरला, मी बघितलं, धरला, अगदी तू लहानपणी माझं बोट धरायचीस तसा, सगळ्या मुठीने. आणि मुंगी उचलली गेली. आवाज नाही, धक्का नाही. माझी एकही लिफ्ट इतकी गुळगुळीत सुटली नाही. मी डब्यावरून उतरायचं विसरलो. मुंगी चिमणीएवढी झाली, माशीएवढी झाली, मग दिसेनाशी झाली, आणि पट्टा तेवढा राहिला, उन्हात एकसारखा थरथरत. हळूदादा माझी कोपरं धरून तसाच उभा होता. मी पाहिलं तर त्याच्या डोळ्यांत पाणी. म्हणाला, 'वारा आहे.' मी म्हटलं, 'आहे खरा.'

त्याला मी विचारलं, आता पोरगी तरंगायला लागली असेल का? तो म्हणाला, 'नाही आजोबा. तरंगतात ते पृथ्वीभोवती गरगर फिरणारे. ही तर शिडीवर उभी आहे. शिडीवर माणूस तरंगतो का? वजन थोडं कमी होईल, बस. वरच्या थांब्यावर टेबलावर कप ठेवला तर तो टेबलावरच राहील.' मला हे कोणी आधी का सांगितलं नाही? मी दोन महिने काळजी करतोय की तुझं जेवण तोंडात कसं जाणार. आत्याला लगेच फोन केला. ती म्हणाली, 'मग तिला सांग, कप वापरल्यावर धुऊन ठेव. घरी कधी ठेवला नाही.'  फोन मात्र तिने ठेवला नाही. नाक ओढल्याचा आवाज येत होता. मागून नोटीसबाबा विचारत होता, 'गेली का? नोटीस लावू का?'

आता ठिपका अर्ध्याच्या वर गेलाय. माझ्या शंका संपल्या नाहीत. तिथे दाराला दोन कड्या आहेत का? चाकं किती तापली? खिडकीतून खाली तळ दिसतो का, दिसत असेल तर पाण्यात माझी टोपी दिसते का बघ, करड्या रंगाची आहे. उतरताना मुंगीला ब्रेक लागत राहणार, त्याची उष्णता चढण्यापेक्षा जास्त, हे मी रात्री विचार करून काढलं. बरोबर असेल तर कळव, चूक असेल तरी कळव.

हळूदादा म्हणतो, 'आजोबा, ती पोचली की इथे हिरवा दिवा लागेल, तुम्हाला लगेच दिसेल.' मी त्याला म्हटलं, दिवा तुमचा, तो तुम्हाला सांगेल. मला पोरीने सांगितलं पाहिजे.

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा तू कधीच पोचलेली असशील, तरी लिहून ठेवतो. पोचलीस की लगेच कळव.

तुझा
बाबा